दोन सूर्यांची गल्ली

तिच्या चित्रांत धुकं फार असायचं. लहान मुलांच्या पुस्तकांत एवढं धुकं कशाला, असं कोणी विचारत नसे. त्या धुक्यातून बाहेर येणारे ससे इतके जिवंत असत की पाहणाऱ्याची नजर त्यांच्या कानांपलीकडे जातच नसे. त्या सशांपायी प्रकाशनाच्या कचेरीत तिचं नाव ससेवाली पडलं होतं. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण एकदा तिथल्या शिपायाने संपादकबाईंच्या हाती फोन देताना "ससेवाली आहेत" असं अदबीने सांगितलेलं तिने स्वतः ऐकलं, आणि तेव्हापासून तीही मनातल्या मनात स्वतःला त्याच नावाने हाक मारू लागली.

धुक्याचं खरं कारण इतकंच होतं, की तिला घरं काढता येत नसत.

गोष्टीत घर आलं की ससेवाली त्याच्यापुढे एक डेरेदार झाड उभं करी. झाड शोभणार नसेल तर टेकडी. टेकडीही जुळत नसेल तर मग धुकं होतंच. एका पुस्तकात तर अख्खं गाव होतं, आणि तिच्या हातून ते उतरलं म्हणजे धुक्यातून वर आलेली चार धुराडी. एका मासिकात कोणीतरी लिहिलं की चित्रकाराने गावाचं एकाकीपण फार ताकदीने टिपलं आहे. ते वाचून तिचा नवरा पोट धरधरून हसला, कारण त्या चार धुराड्यांपायी घरात किती आदळआपट झाली होती ते त्याने भोगलं होतं.

लहानपणी तिने एक घर काढलं होतं. थोरल्या भावाने ते पाहिलं आणि आतल्या माणसांना लवकर बाहेर पडायला सांग, असं गंभीर चेहऱ्याने सुचवलं. सगळं घर हसलं. पुढे कित्येक वर्षं जेवायला बसलं की कोणी ना कोणी त्या घराची विचारपूस करी, पडलं की आहे अजून? माणसाच्या आत अशा फुटकळ गोष्टीच पाया खणून बसतात. मोठी दुःखं येतात आणि वाट मिळाली की निघूनही जातात. हसं मात्र बिऱ्हाड करून राहतं.

तर अशा बाईकडे एका सकाळी संपादकबाईंनी एक हस्तलिखित पाठवलं. एका गल्लीत रोज संध्याकाळी कोणीतरी सुरेख शीळ घालतं. एक छोटी मुलगी शीळ कोण घालतं ते शोधायला दारोदार फिरते. प्रत्येक दार वेगळं, प्रत्येक जिना वेगळा, आणि शेवटपर्यंत शीळवाला दिसत नाही, फक्त सगळ्या गल्लीची ओळख होते. गोष्ट वाचताना ससेवालीच्या अंगावर दोनदा काटा आला. पहिल्यांदा गोष्ट चांगली होती म्हणून. दुसऱ्यांदा, त्यात झाड एकही नव्हतं म्हणून.

संपादकबाईंनी आडपडदा ठेवला नाही. पुस्तक मोठ्या आकाराचं, वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं, आणि प्रकाशनाच्या मालकांच्या मनात दुसराच एक चित्रकार होता. तो शहरंच काढत असे. त्याच्या इमारती पट्टीने आखल्यासारख्या असत आणि माणसं त्या पट्टीच्याच नातलगांसारखी. बाईंना ती माणसं नको होती. म्हणून त्यांनी मालकांकडून एक चित्र दाखवण्यापुरती सवलत मिळवली होती. गल्लीचं पहिलं, दोन पानांवर पसरलेलं चित्र ससेवालीने करायचं. गल्ली उभी राहिली तर पुस्तक तिचं.

"आणि नाही राहिली तर?" ससेवालीने विचारलं.

"तर गल्ली तो काढेल," बाई जरा थांबून म्हणाल्या, "आणि मांजरं तुम्ही काढा."

मांजरं तुम्ही काढा. हे वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. म्हणजे जगातली गल्ली, घरं, दारं, जिथे माणसं राहतात आणि भांडतात ते सगळं दुसऱ्याने काढायचं, आणि हिने त्याच्या कडेला शेपट्या लावत बसायचं. ती वयाची पन्नाशी गाठत आली होती. आता नाही तर आपण जन्मभर धुक्यातच राहणार, हे तिला त्या फोनवरच समजलं. ती हो म्हणाली. 

त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीशी तिचं टेबल, टेबलावर जाडजूड पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला टॅबलेट, आणि पाठीमागे हातभर अंतरावर सासूबाईंची खाट. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून त्यांना इतकं स्वच्छ दिसू लागलं होतं की घरच्यांची पंचाईत झाली होती. दिवसभर त्या मटार सोलत नाहीतर लोकर गुंडाळत सुनेच्या खांद्यावरून तो पडदा बघत, इतर घरांतल्या म्हाताऱ्या मालिका बघतात तशा. मालिकेत निदान जाहिराती तरी येतात, असं ससेवाली म्हणे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करत असे. शहरातल्या निम्म्या इमारती त्याने आतून पाहिल्या होत्या आणि बाहेरून जवळजवळ एकही नाही. इमारत म्हणजे त्याच्या लेखी एका लिफ्टच्या खड्ड्याभोवती लोकांनी मांडलेला पसारा. बायकोला घरं काढायची आहेत म्हटल्यावर त्याने संध्याकाळी हौसेने एका कागदावर इमारतीचा उभा छेद काढून दिला, त्यात दोरखंड, कप्प्या, वजनं सगळं होतं. खिडकी नव्हती.

पहिले काही दिवस नुसती दैना झाली. ससेवालीने समोरची इमारत बघून भिंत काढली, ती भिंत फुगली. दुसरी काढली, ती वाकली. सशाच्या पाठीची रेघ हात सुटा सोडला की आपोआप येते. भिंतीची रेघ हात सुटा सोडला की दारू प्यायल्यासारखी चालते. मग तिने लाज गुंडाळून ठेवली आणि इंटरनेटवर शिकवण्या बघायला सुरुवात केली. त्यात कुठल्या तरी देशातला एक तरुण मुलगा तोंडाने काही न बोलता नुसत्या रेघा ओढून दाखवत असे. त्याच्याकडून तिने क्षितिज शिकून घेतलं.

आधी चित्रात एक आडवी रेघ. ही डोळ्यांची रेघ, बघणाऱ्याचे डोळे जितक्या उंचीवर तितक्या उंचीवर. त्या रेघेवर एक टिंब. गल्ली सरळ दूर जाते तेव्हा तिच्या सगळ्या कडा, छपरांच्या, खिडक्यांच्या, पायऱ्यांच्या, त्या एका टिंबाकडे धाव घेतात आणि तिथे संपतात. ससेवालीने वेगळा लेअर, म्हणजे चित्रावरचा एक पारदर्शक थर, घेऊन निळ्या बारीक रेघांचं जाळं त्या टिंबातून सोडलं आणि बराच वेळ नुसती बघत बसली. सगळी गल्ली, तिच्यातला सगळा गोंगाट, सगळी दारं जाऊन मिटतात असं एक टिंब. आणि ते तर कुठेच नसतं. तुम्ही चार पावलं पुढे गेलात की तेही चार पावलं पुढे.

"हा कोळी कुठे गेला?" मागून सासूबाईंनी विचारलं. त्यांना ते जाळं कोळ्याचं वाटलं होतं.

टिंब हाती आल्यावर घरं उभी राहू लागली. ती आधी नुसती खोकी काढी, चपलांच्या खोक्यांसारखी, उंच-बुटकी. मग खोक्याच्या भिंतीचे समोरासमोरचे कोपरे तिरप्या रेघांनी जोडी. जिथे त्या रेघा एकमेकींना छेदतात तो भिंतीचा मध्य. दूर जाणाऱ्या भिंतीचा मध्य पट्टीने मोजून मिळत नाही, कारण लांबचा अर्धा भाग जवळच्या अर्ध्यापेक्षा लहान दिसतो. पण कोपऱ्यांना विचारलं की ते बिनचूक सांगतात. मग अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा, आणि खिडक्या लांब जाताना आपोआप अरुंद होत जातात. हे गणित जमलं त्या दिवशी ती इतकी खूष झाली की नवरा कामावरून येताच तिने त्याला दारातच अडवून ते करून दाखवलं. त्याने बूट हातात धरून शेवटपर्यंत पाहिलं. लग्नात माणूस काय काय सोसतो.

तरी घरं कागदी दिसत होती. खिडक्या भिंतीवर चिकटवल्यासारख्या. तिने नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की भिंत एवढी जाड असते, आणि दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. मग तिने प्रत्येक खिडकी आत ढकलली, वरच्या आणि बाजूच्या कडेला गडद पट्टी दिली, आणि भिंतीला एकदम वजन आलं. घरं जमिनीवर तरंगत होती, तर भिंत जिथे रस्त्याला टेकते तिथे एक मळकट काळी रेघ फिरवली. घरं खाली बसली. विटा सगळ्या काढायच्या नसतात, चार इथे, पाच तिथे दाखवल्या की बाकीच्या बघणारा स्वतः रचतो. लांबची घरं फिकी, निळसर करत न्यायची. हे शेवटचं तिला कोणाला शिकवावं लागलं नाही. धुक्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र तिने स्वतःच शोधली. गल्ली नीट होती, रेघा बरोबर होत्या, आणि तरी बघताना आपण उंच स्टुलावर उभे आहोत असं वाटत होतं. तिला उमगलं की डोळ्यांची रेघ तिने स्वतःच्या उंचीवर घातली आहे. गल्ली तर छोट्या मुलीची. तिने रेघ खाली आणली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि सगळं पुन्हा काढलं. एका फटक्यात दारांच्या कड्या वर गेल्या, ओटे छातीशी आले, घरं आभाळाला भिडली. भिंती मोठ्या झाल्या की माणूस आपोआप हळू बोलतो. सासूबाई ते चित्र बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पोर एकटीच निघाली का गं? बरोबर कोणी नाही?"

इथवर सगळं चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललं की हात सैल होतो. डावीकडची रांग तिने जीव ओतून केली. ऊन उजवीकडून येऊन त्या भिंतींवर पडत होतं, प्रत्येक सज्ज्याखाली सावली उतरली होती, गजांच्या सावल्या भिंतीवर तिरप्या आल्या होत्या. ती रांग बघून तिचा तिलाच हेवा वाटला. आता उजवी रांग. कचेरीत चित्र द्यायची तारीख जवळ आली होती, मानेत कळ येत होती, आणि त्या मुक्या मुलाने एका शिकवणीत दाखवलं होतं की इमारत उचलून आरशातल्यासारखी उलटी करता येते. तिने डावी रांग उचलली, उलटवली आणि उजवीकडे ठेवली. टिंबाला ती चपखल जाऊन मिळाली. आख्खी गल्ली एका क्षणात पुरी झाली. तिने उजवीकडच्या पडद्यांचे रंग बदलले, एक दार बंद केलं, एका सज्ज्यात कुंड्या ठेवल्या, आणि ही चोरी कोणाला ओळखू येणार नाही अशी खात्री करून घेतली. टॅबलेट लेअरच्या ओझ्याने रेंगाळायला लागला होता. म्हणून तिने सगळे लेअर एकत्र करून टाकले आणि चित्र बाईंना पाठवून दिलं.

मग ती स्वतःसाठी चहा करून आली आणि नुसत्या मजेसाठी गल्लीच्या मधोमध एक मांजर काढायला बसली.

मांजर छान झालं. शेपूट प्रश्नचिन्हासारखं. राहिली होती फक्त सावली. तिने पेन टेकवलं, डावीकडे सावली ओढली, तर उजव्या रांगेतले सज्जे खोटे पडले. ती पुसून उजवीकडे ओढली, तर डाव्या रांगेतले खोटे पडले. तिने पुन्हा पुसली. समोरासमोरच्या दोन्ही रांगा एकाच वेळी तोंडावर ऊन घेऊन बसल्या होत्या. असं ऊन पडायचं तर गल्लीच्या दोन्ही बाजूंना एकेक सूर्य हवा. उलटवताना घराबरोबर ऊनही उलटलं होतं, आणि ते बघायचं तिला सुचलंच नव्हतं. मांजर बिचारं बिनसावलीचं, दोन सूर्यांच्या मध्ये, कुठल्या बाजूचं ते न ठरल्यासारखं बसलं होतं.

 चूक साधी असती तर गोष्ट वेगळी. ही चूक सगळ्या चित्राच्या अंगात भिनली होती. लेअर एकत्र केलेले, म्हणजे उजवी रांग सुटी करून काढून टाकणं नाही. आणि चित्र तर गेलेलं.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्यातरी खड्ड्यात होता, आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. सगळं ऐकून तो म्हणाला की सूर्य कोण मोजतं, लोक मांजर बघतील. त्याने मनापासून धीर दिला होता, पण तिला नेमका तोच झोंबला. लोक मांजर बघतील. म्हणजे शेवटी पुन्हा तेच.

सासूबाई मागून सगळं ऐकत होत्या. त्यांनी चित्र बघून घेतलं आणि आपल्याला काही चुकीचं दिसत नाही असं सांगितलं. "पण तुला दिसलं ना," त्या म्हणाल्या. "आता तुला दुसरं काही दिसायचं नाही. लावून टाक फोन."

संपादकबाईंनी फोन उचलला तो आनंदातच. चित्र पाहिलं होतं, कचेरीत फिरवलं होतं, सगळ्यांना आवडलं होतं, फक्त काहीतरी खटकत होतं आणि काय ते कोणालाच सांगता येत नव्हतं. ससेवालीला एक क्षण मोह झाला. कोणालाच सांगता येत नव्हतं. गप्प बसलं असतं तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण त्या पुस्तकात तिला राहायचं होतं, पुढची सगळी पानं, आणि दोन सूर्यांखाली किती दिवस राहणार?

"मॅडम, माझ्या गल्लीत दोन सूर्य झालेत," ती म्हणाली, आणि कसे झाले ते सांगून टाकलं.

 पलीकडे बाई हसू लागल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी अडचण सांगितली. मालक दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र बघणार होते. तो दुसरा चित्रकार आपली जुनी चित्रं घेऊन येऊनही गेला होता. उद्या सकाळपर्यंत एक सूर्य मावळवता आला तर बघा, एवढंच त्या म्हणाल्या.

ससेवालीने टॅबलेटकडे पाहिलं. आख्खी रांग नव्याने काढायला हातात वेळ नव्हता. ती चपला सरकवून खाली उतरली. काही ठरवून नव्हे, डोकं तापलं म्हणून.

दुपार टळायची होती. तिची स्वतःची गल्ली समोर पसरली होती. या गल्लीतून ती अठरा वर्षं भाजी आणत होती, आणि आज पहिल्यांदा तिने गल्लीला ऊन कुठून येतं ते पाहिलं. डावी बाजू सगळी उन्हात. भिंती तापून पांढऱ्या, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एकही माणूस नाही. उजवी बाजू सगळी सावलीत. एखाद्या भिंतीवर सज्ज्याची सावली, गजांची सावली असलं काही नव्हतंच, आख्खी रांगच एका मोठ्या थंड सावलीत बुडालेली. ती सावली अर्ध्या रस्त्यावर आली होती. आणि गल्लीतली सगळी माणसं त्या सावलीत होती. कुलपं दुरुस्त करणारा आपली पेटी घेऊन तिकडे सरकला होता. सलूनवाल्याने खुर्ची बाहेर आणली होती आणि गिऱ्हाईक फेसाने माखलेल्या तोंडाने वाद घालत होतं. दोन बायका पायरीवर बसून तिसरीबद्दल बोलत होत्या आणि तिसरी वरच्या खिडकीतून ऐकत होती. उन्हाची कड जिथे संपते तिथे एक सायकल अर्धी तापत, अर्धी गार होत उभी होती.

ससेवाली रस्त्याच्या मधोमध थांबली. एका रिक्षावाल्याने तिला काहीतरी सुनावलं, ते तिला ऐकू आलं नाही.

उजवी रांग पुन्हा काढायची नव्हतीच. उजव्या रांगेतलं ऊन विझवायचं होतं.

ती जिने चढून आली ती धापा टाकतच. टेबलाशी बसून तिने जुन्या चित्रावर नवा लेअर घेतला, तो असा ठेवला की खालचं सगळं दिसत राहील पण गडद होईल, आणि जांभळट निळा रंग घेऊन उजवी रांग छपरापासून पायापर्यंत एका सलग फटकाऱ्याने झाकली. सूर्य त्या घरांच्या पाठीमागे गेला. मग रस्त्यावर त्या रांगेची सावली टाकली, तिरपी, अर्ध्या रस्त्यापर्यंत. सज्ज्यांखालच्या जुन्या खोट्या सावल्या अंधारातही पट्ट्यांसारख्या दिसत होत्या. त्या तिने भिंतीचाच रंग घेऊन एकेक करून बुजवल्या. हे काम कंटाळवाणं होतं, आणि तिला त्याचा कंटाळा आला नाही. शेवटी समोरच्या तापलेल्या भिंतींवरून परत फिरलेला उजेड म्हणून सावलीतल्या भिंतींना खालच्या अंगाने थोडासा पिवळसर हात फिरवला. सावली मेल्यासारखी वाटत होती, तिला त्याने श्वास आला. मांजराला डावीकडे सावली मिळाली.

आणि आता त्या गार बाजूला कोणीतरी हवं होतं. तिथे मात्र ससेवालीचा हात तिच्या स्वतःच्या राज्यात आला. तिने कुलूपवाला बसवला. सलूनची खुर्ची, फेसाचं तोंड. पायरीवरच्या दोघी, आणि वरच्या खिडकीत तिसरी.

"ती वरची कोण?" मागून चौकशी झाली.

"या जिच्याबद्दल बोलतायत ती."

"मग तिच्या हातात काहीतरी दे ना. नुसती कशी ऐकेल? माणूस ऐकायला लागला की हाताला काम लागतं." सासूबाईंनी स्वतःच्या हातातल्या लोकरीच्या गुंड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि दोघींना हसू फुटलं. वरच्या बाईच्या हातात लोकर आली. मग सासूबाईंनी ती बिऱ्हाडं आपल्या ताब्यातच घेतली. तळमजल्यावर दोन भाऊ राहतात, बोलत नाहीत एकमेकांशी, म्हणून दोन दारं. दुसऱ्या मजल्यावर ज्याची बायको माहेरी गेली आहे तो, म्हणून दोरीवर नुसते मोजेच. ससेवाली सगळं मानत नव्हती, पण मोजे तिने घेतले. उलटवलेली रांग हळूहळू डाव्या रांगेला अनोळखी होत गेली. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दोघी मोज्यांच्या रंगावरून हातघाईवर आल्या होत्या आणि स्वयंपाक झालेला नव्हता. तो निमूटपणे कांदा चिरायला लागला.

सकाळी तिने चित्र पाठवलं. या वेळी लेअर एकही एकत्र केला नाही.

दुपार कशी गेली ते विचारू नये. ती सारखी फोन उलटा ठेवत होती आणि सुलटा करत होती. सासूबाईंनी तिला मटार दिले, तिने टरफलं भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकले. नवऱ्याचा मधेच फोन आला, तर फोन का अडवता म्हणून त्याच्यावर खेकसली.

बाईंचा फोन ऊन कलल्यावर आला. मालकांनी चित्र बराच वेळ पाहिलं होतं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं होतं की या गल्लीत सावलीत बसायला जागा आहे का. एवढंच. बाईंनी त्याचा अर्थ त्यांच्या तोंडून वदवून घेतला होता. पुस्तक ससेवालीचं. दुसऱ्या चित्रकाराला त्यांनी स्वतः कळवलं होतं, आणि त्याने मोठ्या मनाने विचारलं होतं की ती सावली कुठल्या रंगाने घातली.

 ससेवालीने सासूबाईंना नुसतं मान हलवून सांगितलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हात लावायचा नाही हे आठवून लगेच खाली घेतला.

"आता दुसरं चित्र," बाई पलीकडून कामाला लागल्या होत्या. "ती मुलगी गच्चीवर जाते आणि कठड्यावरून वाकून बघते, ते. आख्खी गल्ली वरून. जमेल ना?"

वरून. म्हणजे सगळ्या भिंती आता खाली धावणार, जमिनीच्याही खाली कुठेतरी नवं टिंब, आणि प्रत्येक घराचं छप्पर दिसणार. छप्पर तिने आजवर एकही काढलं नव्हतं.

"जमेल की," ससेवाली म्हणाली. तिच्या आवाजाचं तिलाच नवल वाटलं.

फोन ठेवून तिने टॅबलेट काखेत मारला आणि गच्चीची किल्ली खिळ्यावरून काढली. कुठे निघालीस म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर तिने वर बोट दाखवलं. मीही येते, असं म्हणून त्या चपला शोधू लागल्या. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे एकेका पायरीवर थांबत, कठडा धरत, दोघी वर पोचल्या. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आणि कडेला कमरेएवढी भिंत. दोघी तिच्यावर रेलून खाली बघू लागल्या. माणसं डोक्यांएवढीच उरली होती. कोणाला टक्कल पडलंय, कोणी भांग कुठे पाडलाय, सगळं उघडं. सासूबाईंनी खाली एका डोक्याकडे बोट केलं आणि ते कोणाचं असेल त्यावर दोघींचं जोरात सुरू झालं, तोवर त्या डोक्याने वर पाहिलं. नवरा कामावरून येत होता. ससेवालीने त्याला हात केला, आणि तो कसा बुटका होऊन चालतोय, पाय किती आणि खांदे किती दिसतायत, ते पटकन काढायला घेतलं.